स्वतःचंच संगीत ऐकायला मिळावं म्हणून आयुष्यभराची कमाई ओतणारा रॉकस्टार : फ्रँक झॅपा

गिटारच्या क्लासला महिनाभर गेलेल्या कुठल्याही पोराच्या हातात गिटार द्या. तो पहिल्यांदा काय वाजवणार हे जवळपास ठरलेलं असतं. ‘स्मोक ऑन द वॉटर’. डीप पर्पल या ब्रिटिश बँडचं गाणं. कॉलेजचं गॅदरिंग असो, हॉस्टेलची गच्ची असो, नाहीतर यूट्यूबवरचा पहिला धडा असो, सुरुवात तिथूनच.

पण पाण्यावर पसरलेला तो धूर नेमका कसला होता, हे वाजवणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं.

तर झालं असं. तारीख ४ डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठावर माँत्रो नावाचं गाव आहे. तिथल्या कसिनोत रॉकचा कार्यक्रम रंगात आला होता. तेवढ्यात प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेनं फ्लेअर गन उडवली. छतानं पेट घेतला. नशीब म्हणजे कुणाचा जीव गेला नाही, पण कसिनोची राख झाली. डीप पर्पलची मंडळी त्याच कसिनोत अल्बम रेकॉर्ड करायला गावात आली होती. सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी पाहिला, त्यावर गाणं केलं आणि ते अजरामर झालं.

ज्याच्या कार्यक्रमात ही आग लागली त्याची मात्र सगळी वाद्यं आणि सगळी यंत्रणा जळून गेली. त्याचं नाव फ्रँक झॅपा.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. सहाच दिवसांनी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये उसन्या वाद्यांवर कार्यक्रम करत असताना प्रेक्षकांतला एकजण स्टेजवर चढला आणि त्यानं झॅपाला खाली ढकललं. खाली होता ऑर्केस्ट्रा बसतो तो खड्डा, तळ काँक्रीटचा. पाय मोडला, डोक्याला मार बसला, गळा चेचला गेला. बँडमधल्यांना वाटलं, माणूस गेलाच. जवळपास वर्षभर तो व्हीलचेअरवर होता. एक पाय कायमचा आखूड झाला आणि आवाज कायमचा खाली उतरला.

व्हीलचेअरवर बसून या पठ्ठ्यानं काय करावं? १९७२ या एकाच वर्षात ‘वाका/जवाका’ आणि ‘द ग्रँड वझू’ असे दोन अल्बम काढले. तेसुद्धा ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनचा मोठा ताफा घेऊन.

अंगावर काय कोसळलंय हे न बघता पुढचं काम काढायचं, हा त्याचा स्वभाव. ५२ वर्षांच्या आयुष्यात त्याचे ६० च्या वर अल्बम निघाले. रॉक, जॅझ, नाटकी गाणी, विनोद, शिव्या, कॉम्प्युटरवर केलेलं संगीत असं सगळं त्यात आहे. लांब केस, जाड मिशा आणि हनुवटीखाली केसांचा झुपका, असा त्याचा फोटो बघून कुणालाही वाटावं की हा गांजाच्या धुरात हरवलेला हिप्पी आहे. पण गडी ड्रग्जच्या सक्त विरोधात होता. दौऱ्यावर कुणी घेताना सापडला तर त्याला घरचा रस्ता. त्याची व्यसनं दोनच, सिगारेट आणि कॉफी. दिवस कसला आणि रात्र कसली, तो स्टुडिओतच असायचा.

आणि या सगळ्या धबडग्यामागे त्याला हवं होतं ते वेगळंच काहीतरी. त्यासाठी त्याच्या लहानपणात जावं लागतं.

झॅपाचा जन्म २१ डिसेंबर १९४० चा, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातला. वडील मूळचे इटलीतल्या सिसिली बेटावरचे आणि संरक्षण खात्याच्या कामात. घराजवळ एजवुड आर्सेनल होतं, म्हणजे रासायनिक शस्त्रांचं ठिकाण. चुकून विषारी वायूची गळती झालीच तर असावेत म्हणून घरात गॅस मास्क टांगलेले असायचे. पोरगं सतत आजारी. दमा, कानदुखी, सायनस. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे डॉक्टरनं त्याच्या नाकात रेडियम घालून उपचार केले होते, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

पुढे कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं. वडिलांच्या नोकऱ्या बदलत गेल्या, तशी गावंही बदलत गेली. शेवटी ते लँकेस्टर नावाच्या वाळवंटी गावात टेकले.

तेरा-चौदा वर्षांचा असताना फ्रँकच्या हाती एक मासिक लागलं. त्यात एका मोठ्या रेकॉर्ड दुकानदाराबद्दल लेख होता. हा दुकानदार इतका पटाईत की अगदी भयंकर संगीतसुद्धा विकून दाखवतो, आणि त्याचा दाखला म्हणून एडगार व्हारेज या फ्रेंच संगीतकाराच्या रेकॉर्डचं नाव दिलं होतं. ढोलताशे, सायरन आणि आदळआपट याशिवाय त्यात काही नाही, अशा थाटाचं वर्णन. लेखकानं नाक मुरडलं आणि पोराला वाटलं, हे ऐकलंच पाहिजे!

वर्षभर शोधल्यावर ती रेकॉर्ड एका दुकानात सापडली. किंमत जवळपास ६ डॉलर, खिशात ४ सुद्धा नाहीत. दुकानदारानं शेवटी कमी पैशांत देऊन टाकली, कारण ती दुसरं कुणी घेण्याची शक्यताच नव्हती. घरी आईनं ती ऐकली आणि दिवाणखान्यात लावायला बंदी घातली.

पंधराव्या वाढदिवसाला आईनं विचारलं, काय हवं? त्यानं मागितला एक ट्रंक कॉल. न्यूयॉर्कला, व्हारेजच्या घरी. व्हारेज युरोपात गेले होते, त्यांच्या बायकोशी बोलणं झालं. पुढे व्हारेजशीही बोलणं झालं, त्यांचं पत्रही आलं. ते त्यानं फ्रेम करून आयुष्यभर जपलं. प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही. १९६५ मध्ये व्हारेज गेले.

तर मुद्दा असा की फ्रँक झॅपाला रॉकस्टार व्हायचंच नव्हतं. त्याला व्हायचं होतं संगीतकार, कागदावर स्वर लिहिणारा.

इथे आपल्याकडच्या वाचकासाठी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे गवय्या बसतो, तानपुरा लागतो आणि राग तिथल्या तिथे उलगडत जातो. गाणारा आणि घडवणारा एकच. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात तसं नसतं. तिथे संगीतकार प्रत्येक वाद्यानं कधी कोणता स्वर किती वेळ वाजवायचा हे कागदावर लिहून काढतो. मग शंभर-एक वादकांचा ऑर्केस्ट्रा ते वाचून वाजवतो. शंभर वादकांचा पगार, हॉलचं भाडं, तालमींचे दिवस, प्रत्येकासाठी वेगळ्या प्रती उतरवून घेण्याचा खर्च असं सगळं धरा. कुणी ऑर्केस्ट्रा तयार झाला नाही तर तुम्ही लिहिलेलं कागदावरच राहतं. तुम्ही स्वतःसुद्धा ते कधी ऐकू शकत नाही.

झॅपाला हे असह्य होतं. लिहिलेलं त्याला ऐकायचं होतं.

कॉलेजात तो टिकला नाही. ऑर्केस्ट्रासाठी लिहायला तो वाचनालयातल्या पुस्तकांवरून शिकला. शाळेत आधी ड्रम, मग गिटार. तिथेच त्याची दोस्ती झाली डॉन व्हॅन व्ह्लीटशी, जो पुढे कॅप्टन बीफहार्ट या नावानं गाजला. दोघं रात्ररात्र बसून कृष्णवर्णीय गायकांच्या रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड ऐकायचे. एका कानात व्हारेज आणि दुसऱ्या कानात ब्लूज.

१९६३ मध्ये स्टीव्ह ॲलनच्या टीव्ही शोमध्ये कोट-टाय घातलेला, दाढीमिशी नसलेला एक सडपातळ तरुण येऊन चक्क सायकल वाजवून गेला. चाकाच्या तारा छेडल्या, काठ्यांनी बडवल्या, गज फिरवला. लोक हसले. तो मात्र ते गंभीरपणे करत होता.

त्याच सुमारास एका स्वस्तातल्या वेस्टर्न सिनेमाला संगीत देऊन मिळालेल्या पैशांतून त्यानं कुकामोंगा या गावातला छोटासा स्टुडिओ विकत घेतला. तिथंच राहायचा, तिथंच झोपायचा. आणि १९६५ मध्ये तिथंच पोलिसांनी त्याला जाळ्यात ओढलं. साध्या वेशातल्या पोलिसानं गिऱ्हाईक बनून १०० डॉलरमध्ये एका चावट ध्वनिफितीची मागणी केली. झॅपानं एका मैत्रिणीला घेऊन खोटेखोटे उसासे टाकत ती बनवली आणि देताना पकडला गेला. १० दिवस तुरुंगात काढावे लागले. पोलिसांनी स्टुडिओतल्या टेपा उचलून नेल्या, त्यातल्या काही परत आल्याच नाहीत. सरकार आणि नैतिकतेचे ठेकेदार या दोघांबद्दल त्याच्या मनात जी अढी बसली, ती तिथून.

बाहेर आल्यावर तो एका बारमध्ये वाजवणाऱ्या बँडमध्ये शिरला आणि थोड्याच दिवसांत त्याचा कारभारी झाला. मदर्स डेच्या दिवशी बँडचं नाव ठेवलं ‘द मदर्स’. अमेरिकी बोलीत त्याचा शिवीसारखाही अर्थ निघतो म्हणून रेकॉर्ड कंपनी घाबरली आणि ते झालं ‘द मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’. गरज ही शोधाची जननी, ती म्हण.

१९६६ मध्ये पहिला अल्बम आला, ‘फ्रीक आउट!’. पदार्पणातच दोन रेकॉर्डींचा संच, हे तेव्हा रॉकमध्ये जवळपास कुणी केलं नव्हतं. १९६८ च्या ‘वुई आर ओन्ली इन इट फॉर द मनी’मध्ये त्यानं बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या कव्हरची टर उडवली आणि हिप्पींनाही झोडपलं. ज्यांनी रेकॉर्ड विकत घ्यायची त्यांनाच! १९६९ मध्ये पैसे परवडेनात म्हणून बँड मोडला आणि ‘हॉट रॅट्स’ आला. ज्याला झॅपा कुठून ऐकायला सुरुवात करावी हे कळत नाही, त्यानं यातली ‘पीचेस एन रेगॅलिया’ ही साडेतीन मिनिटांची रचना ऐकावी. शब्द नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

ऑर्केस्ट्राचं वेड मात्र सुटलं नव्हतं. दौऱ्यावर मोटेलच्या खोल्यांत बसून तो पानंच्या पानं लिहीत होता. आणि १९७० मध्ये ते वाजवायला पुढे आला आपला मुंबईकर. झुबिन मेहता!

झुबिन मेहता तेव्हा लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते. मे १९७० मध्ये विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या मोठ्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्रा आणि मदर्स एकत्र वाजले. हजारो लोक आले. एका बाजूला सुटाबुटातले व्हायोलिनवाले, दुसऱ्या बाजूला झॅपाची टोळी. पण त्याचं रेकॉर्डिंग करायची परवानगी झॅपाला मिळाली नाही. वर्षानुवर्षं लिहिलेलं अखेर वाजलं आणि हवेत विरून गेलं. यातलं बरंचसं संगीत पुढे १९७१ च्या ‘२०० मोटेल्स’ या सिनेमात आलं. त्यावरचा लंडनचा कार्यक्रम शब्द अश्लील आहेत म्हणून रद्द झाला. झॅपा कोर्टात गेला आणि हरला.

मग आला माँत्रोचा धूर आणि लंडनचा खड्डा.

त्यातून उठल्यावर १९७३-७४ चा काळ हा त्याच्या बँडचा सुवर्णकाळ. ‘अपॉस्ट्रॉफी’ हा अल्बम अमेरिकेत पहिल्या दहात गेला. जॉर्ज ड्यूक कीबोर्डवर, रुथ अंडरवुड मरिम्बा आणि व्हायब्राफोनवर, चेस्टर थॉम्प्सन ड्रमवर. या ताफ्याचा फिनलंडमधला किस्सा तर चाहते आजही सांगतात.

सप्टेंबर १९७४, हेलसिंकी. एका प्रेक्षकानं ओरडून ‘व्हिपिंग पोस्ट’ची फर्माइश केली. हे गाणं ऑलमन ब्रदर्स या दुसऱ्याच बँडचं. झॅपाच्या बँडला ते येत नव्हतं. झॅपानं काय करावं? स्वतःच्या ‘मोंटाना’ या गाण्यातले शब्द तिथल्या तिथे बदलून त्यात ‘व्हिपिंग पोस्ट’ घुसवलं आणि अख्खं गाणं त्या प्रेक्षकाच्या फिरकीवर नेलं. फिन लोकांचा जीव की प्राण असलेला ‘सातुमा’ हा टँगोसुद्धा वाजवून दाखवला. पण ती फर्माइश त्याच्या डोक्यातून गेली नाही. सात वर्षांनी, १९८१ मध्ये, बँडमध्ये ते गाणं येणारा गायक आला आणि झॅपानं ‘व्हिपिंग पोस्ट’ आपल्या कार्यक्रमात घेतलं. १९८४ च्या अल्बमवरही टाकलं. हेलसिंकीतल्या त्या अनोळखी माणसाची मागणी दहा वर्षांनी रेकॉर्डवर पोहोचली.

हे शक्य झालं कारण झॅपा सगळं रेकॉर्ड करून ठेवायचा. प्रत्येक दौरा, जमेल तो प्रत्येक कार्यक्रम. लॉस एंजेलिसच्या घराखाली टेपांचं कोठारच होतं. एका शहरात वाजवलेला गिटारचा तुकडा उचलून तो भलत्याच गाण्याच्या तालावर बसवायचा. दोन वेगळ्या वेळी, वेगळ्या लयीत वाजलेल्या गोष्टी एकमेकींवर ठेवायच्या आणि काय होतं ते बघायचं. १९७९ च्या ‘जोज गराज’ मधले बहुतेक गिटारचे तुकडे असेच आलेत. आज लॅपटॉपवर शाळकरी पोरंही हे करतात. तेव्हा ते टेप कापून, चिकटवून, रात्र जागून करावं लागायचं.

त्याच्याकडे वाजवणं म्हणजे परीक्षाच. ड्रमर टेरी बोझिओसाठी त्यानं ‘द ब्लॅक पेज’ लिहिलं. नाव असं का? कागदावर स्वरचिन्हांची एवढी दाटी की पान काळंच दिसायचं. पुढे गिटारचा बादशहा झालेला स्टीव्ह व्हाय पोरवयात झॅपाकडे आला तो आधी गिटार वाजवायला नाही, झॅपाचे सोलो ऐकून कागदावर उतरवायच्या कामाला. एल. शंकर हे आपले व्हायोलिनवादक, उस्ताद झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’मध्ये गाजलेले. त्यांचा १९७९ चा ‘टच मी देअर’ हा अल्बम झॅपानंच तयार करवून घेतला.

माणूस म्हणून तो सोपा नव्हता. वादकांना पगार मिळायचा, पण सगळा हुकूम त्याचाच. बायकांबद्दलची त्याची कित्येक गाणी आज ऐकवत नाहीत आणि तेव्हाही त्यावरून वाद झालेच. घरात चार मुलं, मून युनिट, ड्वीझल, अहमत आणि दीवा. बाप मात्र एकतर दौऱ्यावर, नाहीतर स्टुडिओत. १३ वर्षांच्या मूननं एकदा स्टुडिओच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. त्यात आपलं नाव, वय असं सगळं लिहून स्वतःची ओळख करून दिली होती आणि तुमच्या रेकॉर्डवर मला गायला आवडेल असं कळवलं होतं. पोरीनं विनोद म्हणून लिहिलं असेल, पण वाचताना पोटात कालवतं.

त्यातून १९८२ मध्ये ‘व्हॅली गर्ल’ झालं. लॉस एंजेलिसच्या श्रीमंत पोरींच्या लाडिक बोलण्याची मूननं केलेली नक्कल. अमेरिकेच्या पहिल्या चाळिसात गेलेलं झॅपाचं हे एकमेव गाणं. ज्यानं काळं पान लिहिलं, त्याला त्याचा देश ओळखू लागला तो असल्या गमतीमुळे.

रेकॉर्ड कंपन्यांशी त्याचं कधीच पटलं नाही. १९७७ मध्ये वॉर्नर ब्रदर्सशी भांडण विकोपाला गेलं तेव्हा त्यानं एका रेडिओ स्टेशनवर जाऊन चार रेकॉर्डींचा आपला न निघालेला संच अख्खा लावला आणि ऐकणाऱ्यांना टेप करून घ्या म्हणून सांगितलं. पायरसीला घाबरणाऱ्या धंद्यात हे म्हणजे दुकानाचं शटर उघडून द्यायचं. शेवटी त्यानं स्वतःची कंपनी काढली, स्वतःचा स्टुडिओ बांधला. पैसा आता त्याच्या हातात होता.

आणि तो त्यानं कशावर उडवला? ऑर्केस्ट्रावर!

जानेवारी १९८३ मध्ये त्यानं स्वतःच्या खिशातून लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा भाड्यानं घेतला. संचालनाला तेव्हा फारसं नाव नसलेला केंट नागानो. तालमींना वेळ थोडा, संगीत महाकठीण. झॅपाची तक्रार अशी की शेवटच्या सत्रात काही वादक मधल्या सुट्टीत पबमध्ये जाऊन उशिरा परतले आणि चुकीचं वाजवलं. त्यानं घरी येऊन त्या टेपा जागोजागी कापून-जोडून चुका झाकल्या, पण त्याला माहीत होतं त्या कुठे आहेत ते. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या पिएर बुलेझसारख्या दिग्गजानं त्याच्या रचना वाजवल्या. मान मिळाला, समाधान नाही.

मग त्याला वाटलं, माणसंच नकोत. सिंक्लाव्हियर नावाचं यंत्र आलं होतं. आजच्या म्युझिक सॉफ्टवेअरचं आजोबा म्हणा. किंमत बंगल्याएवढी. त्यात स्वर भरायचे आणि ते जसंच्या तसं वाजवणार. पगार नको, पब नको, कुरकुर नाही. १९८६ चा ‘जॅझ फ्रॉम हेल’ जवळपास पूर्ण याच यंत्रावर झाला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. त्यातलं ‘जी-स्पॉट टॉर्नेडो’ माणसांच्या हातांनी वाजूच शकणार नाही, असं त्यानं धरूनच चाललं होतं.

याच काळात तो अमेरिकेच्या संसदेतही पोहोचला. १९८५ मध्ये टिपर गोर, सुझन बेकर अशा वॉशिंग्टनमधल्या वजनदार नेत्यांच्या बायकांनी मोहीम काढली, की रॉकच्या रेकॉर्डींवर इशाऱ्याचे शिक्के मारा. १९ सप्टेंबरला सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. केस कापून, कोट-टाय घालून आलेला झॅपा तयारीनिशी बोलला. त्याचा रोख सरळ होता. मुलांना जपायच्या नावाखाली ही सेन्सॉरशिप आहे आणि रेकॉर्ड कंपन्या विरोध करत नाहीत, कारण त्यांना संसदेकडून कोऱ्या कॅसेटवर कर लावून घ्यायचाय. शिक्के आलेच. पण सुनावणीतले सिनेटरांचे आवाज उचलून झॅपानं त्यावरच एक लांबलचक रचना केली, ‘पॉर्न वॉर्स’.

१९८८ चा शेवटचा मोठा दौरा मध्येच फुटला. बासवादकाशी बाकीच्यांचं जमेना, झॅपा त्याला काढेना, उरलेले कार्यक्रम रद्द झाले आणि लाखो डॉलर बुडाले. शेवटचा कार्यक्रम इटलीतल्या जेनोव्हाला. तिथे फर्डिनांडो बोएरो नावाचा सागरी जीवशास्त्रज्ञ राहायचा. त्याला झॅपाला भेटायची फार इच्छा, म्हणून त्यानं नव्यानं सापडलेल्या एका जेलीफिशचं नाव ठेवलं फियालेला झॅपाई आणि तसं पत्रानं कळवलं. युक्ती चालली, भेट झाली, दोस्तीही झाली. जेनोव्हाच्या त्या रात्री झॅपानं एका गाण्यात बोएरोलाच घातलं.

तिकडे पोलादी पडद्यामागे त्याच्या नावाचं वजन वेगळंच होतं. चेकोस्लोव्हाकियात १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे घुसल्यावर पोरांनी बँड काढला होता, ‘द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’. नाव झॅपाच्या गाण्यावरून. सरकारनं १९७६ मध्ये या गटातल्यांना तुरुंगात टाकलं. त्याच्या निषेधातून वात्स्लाव हावेल आणि मंडळींची ‘चार्टर ७७’ ही चळवळ उभी राहिली. राजवट पडली, हावेल राष्ट्राध्यक्ष झाले आणि जानेवारी १९९० मध्ये झॅपा प्रागला उतरला तेव्हा विमानतळावर ही गर्दी. हावेलनी त्याला व्यापार आणि संस्कृतीसाठी खास प्रतिनिधी नेमायचं ठरवलं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते जेम्स बेकर, शिक्क्यांच्या मोहिमेतल्या सुझनबाईंचे यजमान. अमेरिकी सरकारनं नाराजी कळवली आणि नेमणूक बारगळली.

त्याच वर्षी निदान झालं. प्रोस्टेटचा कॅन्सर, बरीच वर्षं लक्षात न आलेला. शस्त्रक्रिया करता येईल असं काही उरलं नव्हतं. वय ४९.

जून १९९१ मध्ये सोव्हिएत सैन्य गेल्याचा आनंद साजरा करायला तो प्रागला आणि मग बुडापेस्टला गेला. लोकांसमोर गिटार वाजवायची त्याची ही शेवटची वेळ.

आणि आता, सगळं संपत आलेलं असताना, जर्मनीतून माणसं आली. फ्रँकफर्टचा ‘आँसाम्बल मोडर्न’ हा तरुण वादकांचा समूह. त्यांना झॅपाचं संगीत वाजवायचंच होतं. तासावर बोट ठेवून बसणारे हे नव्हते. १९९१ च्या जुलैमध्ये ते लॉस एंजेलिसला येऊन राहिले, दोन आठवडे झॅपाबरोबर घासत बसले. कुणी शिंग पाण्यात बुडवून वाजवून बघतंय, कुणी चमत्कारिक आवाज काढून दाखवतंय. झॅपा एकेक आवाज यंत्रात साठवून घेत होता.

सप्टेंबर १९९२ मध्ये फ्रँकफर्टच्या आल्टे ओपरमध्ये ‘द यलो शार्क’ हा कार्यक्रम झाला. नाव एका चाहत्यानं भेट दिलेल्या पिवळ्या फायबरग्लासच्या माशावरून. झॅपा खूप आजारी होता. तरी तो स्टेजवर आला, काही रचनांचं संचालन त्यानं स्वतः केलं. शेवटी त्या माणसांनी ‘जी-स्पॉट टॉर्नेडो’ वाजवलं. व्हायोलिन, बासरी, मरिम्बा, हाडामांसाचे हात. टाळ्या थांबेचनात. पुढे बर्लिन आणि व्हिएन्नालाही कार्यक्रम होते, पण अंगात त्राण उरलं नव्हतं. त्याला घरी परतावं लागलं. बाकीचे कार्यक्रम त्याच्याशिवाय झाले.

घरी येऊन काय केलं? काम. सिंक्लाव्हियरवरचा ‘सिव्हिलायझेशन फेज थ्री’ हा दोन तासांचा अल्बम त्यानं पुरा करून ठेवला. ‘द यलो शार्क’ची सीडी नोव्हेंबर १९९३ मध्ये बाजारात आली.

४ डिसेंबर १९९३ ला लॉस एंजेलिसच्या घरी तो गेला. माँत्रोला आग लागली त्याला त्या दिवशी बरोबर २२ वर्षं झाली होती. त्रेपन्नाव्या वाढदिवसाला १७ दिवस बाकी होते. तो शेवटच्या दौऱ्यावर निघाला असं कुटुंबानं जाहीर केलं. त्यात त्याला गिटारवादक म्हटलं नाही, रॉकस्टारही नाही. शब्द होता संगीतकार. वेस्टवुडच्या दफनभूमीत त्याच्या कबरीवर नाव नाही. चाहते आसपासच्या खुणा धरून ती जागा शोधतात.

घराखालच्या टेपांमधून अल्बम निघतच राहिले. मालमत्तेवरून मुलांमध्ये वाद झाले, २०२२ मध्ये सगळा संग्रह युनिव्हर्सल म्युझिकनं विकत घेतला, आणि आता एकूण अल्बमांचा आकडा शंभराच्या कधीच पुढे गेलाय.

लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियसमध्ये १९९५ साली त्याचा पुतळा बसला. झॅपा तिथे कधी गेला नव्हता. घडवणारा शिल्पकार कोन्स्तान्तिनास बोग्दानास, ज्याची उमेद कम्युनिस्ट पुढाऱ्यांचे पुतळे घडवण्यात गेली होती. त्याच पुतळ्याची एक प्रत २०१० मध्ये लिथुआनियाच्या लोकांकडून बाल्टिमोरला भेट मिळाली आणि तिथल्या एका सार्वजनिक वाचनालयाबाहेर उंच खांबावर ती उभी आहे.